घरातला पारा

संस्कृत कोशांत व रसग्रंथांत पाऱ्यास जितकी नावे आढळतात तितकी दुसऱ्या एखाद्या धातूच्या वाट्यास क्वचितच आली असतील. तो रस आहे, रसेंद्र आहे, सूत आहे, चपल आहे, आणि पारद तर तो आहेच. संसारसागराचा पार देतो म्हणून पारद, अशी व्युत्पत्ती रसेश्वरमताचे अनुयायी करीत. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी आपल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त या मतास एक स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. परंतु उभा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यात गेला असल्यामुळे या नावांविषयी आम्हांस ममत्व आहे, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि या सर्व नावांत 'चपल' हे नाव आम्हांस हल्ली सर्वांत अन्वर्थक वाटू लागले आहे. पारा चिमटीत राहत नाही, हे लहान मूलही जाणते. पण तो घराबाहेर टाकला तरी बाहेरही राहत नाही, फिरून फिरून माणसाच्या ताटापाशी येतो, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतून अजून ठाऊक नाही. तीच आज वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

या विचारास निमित्त घडले ते तांदळाच्या डब्याचे. आमचे घर कार्ल्यास, एकवीरेच्या डोंगराच्या छायेत. मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेल्या 'इंद्रायणी' तांदळाचा सुवास आता दूरदूरच्या शहरांत पोहोचला आहे. परंतु येथील पाऊसही तसाच प्रसिद्ध! ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत हवा अशी सर्द असते की, जपून न ठेवलेल्या तांदळास सोंडे आणि टोके लागलेच म्हणून समजावे. यास्तव वैशाखात वर्षाचे धान्य भरणे हा आमच्या एकत्र कुटुंबातील एक लहानसा समारंभच असतो. गेल्या वैशाखात पुण्याच्या एका नातलग बाईंनी मोठ्या आपुलकीने एक पुडी पाठविली. तीत करड्या रंगाच्या टिकड्या होत्या. त्या चिंधीत बांधून डब्यात ठेवल्या की वर्षभर किडीचे नाव नको, असा निरोपही सोबत होता.

थोरल्या सूनबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्यांनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि आम्हांस विचारले, "मामंजी, यावर 'पारद' असे छापले आहे. पारद म्हणजे पाराच ना? मग तो तांदळात कशाला?"

आमचे कुटुंब म्हणाले, "अगं, पुण्यात कितीतरी घरांतून वापरतात. त्यांच्या डब्यात किडा म्हणून दिसत नाही."

"आई, किडा मरतो तो कशाने, एवढेच मी विचारते. तोच डबा आपण रोज दोन वेळा उघडतो. आणि जाऊबाई तर हल्ली रोज तांदूळ निवडायला बसतात."

धाकट्या सूनबाईंना तेव्हा तिसरा महिना लागला होता. या वाक्यानंतर माजघरात थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग कुटुंबानेच पुडीची घडी पूर्ववत् घातली. "खरे म्हटले तर आमच्या सासूबाई असले काही घालीत नसत," ते म्हणाले. "उन्हात खडखडीत वाळविलेला तांदूळ, त्यात कडुनिंबाचा पाला, आणि गव्हा-डाळींना एरंडेलाचा हात. या टिकड्या अलीकडच्याच. नकोत त्या. पण आता ही पुडी टाकायची कोठे?"

धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "द्या माझ्यापाशी, जाताना नदीत सोडते."

बाईंचा हेतू निर्मळ होता. घरातले नकोसे झालेले निर्माल्य नदीत सोडावे ही आपली जुनीच चाल. परंतु 'टाकायची कोठे' हा प्रश्न आमच्या मनातून काही केल्या जाईना. आम्ही आमचे रसग्रंथ काढले, सूनबाईंनी आपली रसायनाची पुस्तके काढली, आणि पुढील काही दिवस सासरा व सून यांची एक छोटी पाठशाळाच ओसरीवर भरली.

प्रथम आपल्या शास्त्राविषयी. रसशास्त्राने पाऱ्याची थोरवी गायिली हे खरे. पण त्याआधी त्याचे दोष मोजले, हे विसरता कामा नये. पाऱ्याचे नैसर्गिक दोष तीन सांगितले आहेत: विष, वह्नि आणि मल. त्यांत विषाचा उच्चार स्पष्ट आहे. स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन, रोधन, नियामन व दीपन असे आठ संस्कार झाल्यावाचून पाऱ्यास औषधाच्या खलाजवळ येऊ देऊ नये, असा दंडक आहे. टिकड्या करणाऱ्याने शास्त्रातले नाव तेवढे घेतले. शास्त्रातली भीती मात्र घेतली नाही.

रसशास्त्रातील आणखी एक गोष्ट येथे उपयोगी पडते. पारा व गंधक खलात घोटले म्हणजे दोघे एकजीव होऊन काळी कज्जली बनते. पाऱ्याचे गंधकाशी असे विलक्षण सख्य आहे. आधुनिक विज्ञान सांगते की, आपल्या देहातील प्रथिनांतही गंधकाचे अणू असतात, आणि पारा शरीरात शिरला की तेथेही तो आपला जुना मित्र शोधून त्यास घट्ट बिलगतो. मग ते प्रथिन आपले नेमलेले काम करीनासे होते. मेंदू, मज्जातंतू आणि मूत्रपिंडे यांस हा आघात विशेष जाणवतो. हात कापू लागणे, हिरड्या सुजणे, झोप उडणे, स्वभाव चिडखोर होणे, स्मरण मंदावणे ही पाऱ्याच्या वाफेने होणाऱ्या दीर्घ विषबाधेची लक्षणे आहेत. युरोपात पूर्वी फेल्टच्या टोप्या करणारे कारागीर जनावरांच्या कातडीवरील केसांचे फेल्ट बनविण्यासाठी पाऱ्याचा क्षार वापरीत. त्यांच्यांतील कंप व चित्तभ्रम इतका प्रसिद्ध होता की त्यावरून इंग्रजीत वाक्प्रचार पडला.

पाऱ्याची तीन रूपे ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सर्व सोपे होते. पहिले रूप थर्मामीटरातील चकाकणाऱ्या द्रवाचे. तो चुकून गिळला तर बहुतांशी तसाच बाहेर पडतो. परंतु साध्या हवेतही त्याची अदृश्य, निर्गंध वाफ होत असते, आणि श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे चार-पंचमांश रक्तात शिरते. धान्यातील किड्यांची अंडी मारते ती हीच वाफ. डब्याचे झाकण उघडणाऱ्या गृहिणीस ती वगळील कशी? दुसरे रूप क्षारांचे. ते मलमांतून व औषधांतून येते आणि मूत्रपिंडांवर उठते. तिसरे रूप सर्वांत घातक, मिथाइल पारा. तो कारखान्यात मुद्दाम करावा लागतो असे नाही. नदीच्या वा खाडीच्या तळाशी, जेथे प्राणवायू पोहोचत नाही अशा गाळातील सूक्ष्म जंतू साध्या पाऱ्यापासून तो तयार करतात. अन्नातून पोटात गेलेला मिथाइल पारा जवळजवळ सगळाच रक्तात शोषला जातो, आणि त्यातील निम्मा बाहेर पडण्यास सुमारे दोन महिने लागतात.

आता नदीत सोडलेल्या पाऱ्याचे काय होते ते पाहू. तो जड, पाण्याच्या साडेतेरापट. तो तळाशी बसतो आणि दिसेनासा होतो. न दिसणे म्हणजे नसणे, असा आपला समज. पण गाळात तो मिथाइल पारा होतो. पाण्यातले सूक्ष्म जीव तो घेतात, त्या जीवांस लहान मासे खातात, लहानांस मोठे, मोठ्यांस त्याहून मोठे. प्रत्येक पायरीस विष साठत जाते, आणि शेवटच्या पायरीवरील माशाच्या देहात ते भोवतालच्या पाण्याच्या लक्षावधीपट होऊ शकते. 'जीवो जीवस्य जीवनम्' हे वचन आम्ही वर्गात कितीदा तरी शिकविले. जीवनाबरोबर विषही त्याच शिडीने वर चढते, हे त्याचे आधुनिक भाष्य म्हणावे लागेल.

हे भाष्य जगास प्रथम शिकविले जपानातील मिनामाता या समुद्रकाठच्या गावाने. तेथील एका रसायनांच्या कारखान्याने १९३२ पासून १९६८ पर्यंत पारामिश्रित सांडपाणी उपसागरात सोडले. आधी मासे खाणारी मांजरे झिंगल्यासारखी नाचून मरू लागली. मग कोळ्यांची मुले अडखळू लागली, बोलता येईना, दिसेना. १ मे १९५६ रोजी या रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली, आणि कारखान्याचे सांडपाणी हेच कारण होय असे तेथील सरकारने मान्य करावयास १९६८ साल उजाडले. सर्वांत हृदयद्रावक भाग असा की, ज्या आया स्वतः जवळपास निरोगी दिसत होत्या त्यांच्या पोटी पंगू व मतिमंद मुले जन्मास आली. गर्भाभोवतीची वार विषास अडविते, अशी तोपर्यंत वैद्यांची श्रद्धा होती. मिथाइल पाऱ्यास वारेने अडविले नाही. उलट आईच्या देहातील विषाचा मोठा वाटा बाळाकडे गेला. सूनबाईंनी हा भाग वाचून दाखविला तेव्हा धाकट्या सूनबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून तांदूळ निवडण्यापूर्वी डब्यात काही घातलेले नाही ना, हे त्या स्वतः पाहून घेऊ लागल्या.

धान्याविषयी बोलावयाचे तर इराकची हकीकत याहून जवळची. १९७१ च्या अखेरीस तेथे परदेशांतून पेरणीसाठी बियाणे आले. बुरशी लागू नये म्हणून त्यास मिथाइल पारा चोळलेला होता, आणि ओळखू यावे म्हणून लाल रंग दिला होता. पोत्यांवरील धोक्याची सूचना परक्या भाषेत होती. शेतकऱ्यांनी रंग धुतला, रंगाबरोबर विषही गेले असे मानले आणि गहू दळून भाकरी भाजली. ६,५३० माणसे रुग्णालयात गेली. त्यांतील ४५९ दगावली. छापील अक्षर वाचता न येण्याचे हे मोल! आमच्या घरी आलेल्या पुडीवरील अक्षर तर आपल्याच लिपीतले होते. ते वाचणारे कोणी घरात असले, आणि वाचून विचारण्याची त्यास मुभा असली, तरच लिपीचा उपयोग.

वाचक म्हणतील, जपान कोठे, इराक कोठे आणि आपण कोठे! तर आता आपल्याच डोंगरावर येऊ. लोणावळ्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा आहेत. पूर्वेकडे उतरलेले पाणी इंद्रायणी होऊन आमच्या कार्ल्यावरून देहू-आळंदीस जाते. पश्चिमेकडे राजमाचीच्या डोंगरांतून निघते ती उल्हास नदी. कर्जत, बदलापूर करीत ती कल्याणास पोहोचते, तेथून तिची खाडी होते आणि ठाण्यावरून वसईच्या समुद्रास मिळते. कल्याणच्या आसपास कृत्रिम रेशमाचे व रसायनांचे मोठे कारखाने उभे राहिले. या धंद्यास कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो मिठाच्या पाण्यातून वीज खेळवून काढण्याच्या जुन्या रीतीत पाऱ्याचा थर वापरीत असत. त्यातील काही पारा सांडपाण्याबरोबर निसटे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली उल्हासच्या खाडीतील गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाडीच्या आतल्या भागातील गाळात त्यांस पाऱ्याचा मोठा साठा आढळला. पुढे ती जुनी रीत आपल्या देशात मागे पडली, हे चांगले झाले. पण गाळ वाहून जाण्यास पिढ्या लागतात. पारा हे मूलद्रव्य आहे. ते जळत नाही, कुजत नाही, नाहीसे होत नाही. ते फक्त जागा बदलते.

चैत्रात एकवीरेच्या यात्रेस मुंबई-ठाण्याकडील कोळी मंडळी कार्ल्यास लोटतात. ती त्यांची कुलस्वामिनी. यंदा ठाण्याच्या खाडीकडील एक वृद्ध कोळीण आपल्या नातवंडांसह आमच्या ओसरीवर पाणी पिण्यास टेकली. आम्ही खाडीविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, पयले खाडीन जालं टाकलं का म्हावरं मावत नव्हतं. आता म्हावऱ्यापरीस पिशव्याच जास्ती. पन घरान म्हावरं शिजल्याबिगर पोरं जेवत नाय." जाळ्यात आलेली पिशवी तिला दिसते व ती ती फेकून देते. पारा तिला दिसत नाही. तो शिजवून जात नाही, धुऊन जात नाही, चवीस लागत नाही. आणि तिच्या मुलांच्या तोंडचा हा घास कोणी दूषित केला? ज्यांनी ते कापड नेसले, तो साबण वापरला, ती वीज जाळली, त्या आपण सर्वांनी थोडा थोडा. दगडी कोळशातही पारा असतो. चंद्रपूर-कोराडीसारख्या विद्युत्केंद्रांच्या धुराड्यांतून तो आकाशात जातो, महिनोन्‌महिने वाऱ्यावर फिरतो आणि कोठल्या तरी पावसाबरोबर खाली येतो. आपल्या देशात हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा उगम हाच होय.

"आम्ही मासे खात नाही, तेव्हा आमच्यापुरता प्रश्न मिटला," असे आमच्या ज्ञातीतील एका स्नेह्यांनी आम्हांस ऐकविले. प्रश्न असा मिटत नाही. ज्यांच्या घरी मासे होतात त्यांनी ते सोडावे असेही कोणी सांगत नाही. ते उत्तम अन्न आहे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनी मुशी, सुरमई अशा मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या जाती टाळून मांदेली, तारली, बांगडा अशा लहान जाती खाव्यात, एवढाच त्याचा मथितार्थ. परंतु शाकाहारी, सुशिक्षित घरांत पारा शिरतो तो दुसऱ्याच दारांनी.

त्यांतील पहिले दार गोरेपणाच्या हौसेचे. २०२३ साली अकोल्याची एक बातमी वृत्तपत्रांत आली होती. एकाच कुटुंबातील तिघींनी चेहरा उजळविण्याचे एक मलम वापरले आणि तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला आणि त्या मलमात पाऱ्याचे प्रमाण बेसुमार असल्याचे निष्पन्न झाले. त्याच सुमारास केरळातील वैद्यांनीही असे अनेक रुग्ण नोंदविले. त्वचेतील रंगद्रव्य बनण्याची क्रिया पारा अडवितो. म्हणून चार-आठ दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा मलमात पारा घालण्यास बंदी आहे. नकळत आलाच तर दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही, डोळ्यांच्या प्रसाधनांस तेवढी निराळी मर्यादा आहे. तरीही नाव-गाव नसलेल्या डब्या विकल्या जातात. त्या विकत घेण्याची वेळ मुलींवर कोणी आणली? वधूसंशोधनाच्या पत्रांतून 'गोरी' हा शब्द आधी लिहिणारे आपण वडीलधारेच ना? मलम बाजारात आहे, पण त्याची मागणी आपल्या दिवाणखान्यात तयार होते.

दुसरे दार औषधांचे. रसौषधींचा आम्हांस द्वेष नाही, हे वर आलेच आहे. परंतु अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विक्रीस असलेल्या १९३ आयुर्वेदीय औषधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. तेव्हा शेजाऱ्यास गुण आला म्हणून आणलेली, वेष्टनावर घटक न लिहिलेली गोळी घेणे म्हणजे शास्त्रनिष्ठा नव्हे. ज्या शास्त्राने आठ संस्कारांचा दंडक घातला त्याचा तो अपमान आहे. गर्भिणीस व बालकास तर पाऱ्याचे काहीच देऊ नये.

तिसरे दार अगदी घरातले: काचेचे थर्मामीटर, रक्तदाब मोजण्याचे जुने यंत्र, नळीचे व पिळाचे दिवे. थर्मामीटरात अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. रक्तदाबाच्या यंत्रात त्याच्या शेकडोपट असू शकतो. थर्मामीटर फुटल्यास मुलांस आधी खोलीबाहेर काढावे, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात. केरसुणी मुळीच लावू नये. तिने एका थेंबाचे शंभर होतात. हातातील सोन्याच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात, कारण पारा सोन्यास तत्काळ चिकटून त्यास पांढरे करतो. मग ताठ कागदाने थेंब एकत्र लोटून, बारीक राहिलेले चिकटपट्टीने टिपून, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. मोरीत ओतू नयेत, उकिरड्यावर टाकू नयेत, कचऱ्यात जाळू नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटके थर्मामीटर व असे दिवे यांस घरगुती धोकादायक कचरा म्हणून वेगळे काढून संकलन केंद्रात देण्यास सांगितले होते. जवळपास अशी सोय नसल्यास बाटली बंद करून, वर नाव लिहून, मुलांच्या हातास लागणार नाही अशी ठेवावी, आणि शहरास जाणे होईल तेव्हा चौकशी करून पोहोचवावी. नवे थर्मामीटर घ्यावयाचे तर बिनपाऱ्याचे घ्यावे.

जगातील राष्ट्रांनी २०१३ साली जपानात एकत्र येऊन पाऱ्याविषयी एक करार केला आणि त्यास 'मिनामाता' हेच नाव दिले. भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. करारांनी कारखाने आवरता येतील. माजघरातील डबा, आरशापुढील मलमाची डबी आणि फडताळातील औषधाची पुडी आवरण्यास मात्र सरकार येणार नाही. ते काम घरच्या माणसांचे. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. वेष्टनावरचे अक्षर वाचावे, लहानांनी विचारलेल्या प्रश्नास मोठ्यांनी कान द्यावा, आणि कोणतीही वस्तू घरात घेण्यापूर्वी 'ही शेवटी टाकायची कोठे?' एवढे एकदा मनाशी म्हणावे. ज्या वस्तूस टाकण्याची जागा नाही, तिला घरात ठेवण्याचीही जागा नसावी, हा नियम आम्हांस तरी सर्वांत सोपा व सुरक्षित वाटतो.